महिनाभर सूर्य नाही, आणि घरात दोन टीनएजर

गणेशोत्सवाला एडमंटनला आलो की एक प्रश्न ठरलेला असतो. "अहो, तिकडे मुलं कशी राहतात हो?" मी उत्साहाने उणे चाळीस तापमानाच्या गोष्टी सुरू करतो. पण विचारणाऱ्या बाईंच्या घरी पंधरा वर्षांचा मुलगा असतो आणि त्यांना थंडीत रस नसतो. मॉल नाही, दुसरं मराठी घर नाही, वर अंधार. अशा ठिकाणी त्या वयाची मुलं करतात तरी काय, हा त्यांचा खरा प्रश्न. मंडळी, त्याचं हे जरा सविस्तर उत्तर.

आम्ही इनुविकला राहतो. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये, मॅकेन्झी नदीच्या मुखाजवळ, आर्क्टिक वृत्ताच्याही वर सुमारे २०० किलोमीटर. वस्ती तीन हजारांच्या आसपास. त्यात ग्विचिन आणि इनुव्हियालुइत हे इथले मूळ लोक बरेच. जमीन कायमची गोठलेली, म्हणून घरं खांबांवर आणि पाण्याचे पाइप जमिनीवरून. बाहेरचा एकच रस्ता, डेम्पस्टर हायवे. वाटेतल्या नद्या उन्हाळ्यात फेरीने आणि हिवाळ्यात बर्फावरून ओलांडायच्या. मधले काही आठवडे दोन्ही बंद, तेव्हा भाजी विमानाने येते आणि बिल बघवत नाही.

आता अंधाराचं गणित. इनुविकचा अक्षांश ६८.४ आणि पृथ्वीचा आस कललेला २३.४ अंश. ९० मधून दोन्ही वजा करा, उरतात उणे १.८. म्हणजे २१ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या १.८ अंश खालीच. साधारण ६ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत तो दिसतच नाही. मात्र काळोख चोवीस तास नसतो. दुपारी काही तास निळा-गुलाबी संधिप्रकाश असतो. जूनमध्ये हेच गणित उलटं होतं आणि मध्यरात्रीही सूर्य १.८ अंश वर असतो.

त्यात आणखी एक भर. आमची घड्याळं माउंटन टाइमवर, पण गाव इतकं पश्चिमेला की हिवाळ्यातली खरी दुपार घड्याळात दोनच्या सुमारास होते. सकाळी साडेआठला मुलं शाळेला निघतात, तेव्हा सूर्याच्या हिशेबाने साडेसहाच वाजलेले असतात.

आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात थोरला सोळा वर्षांचा होता. रात्री तीनपर्यंत जागा, सकाळी हलवून उठेना, पहिला तास रोज चुकायचा. मार्क घसरले. मी पहाटे पाचला उठून केलेल्या अभ्यासाची माझी जुनी टेप लावली. दोन आठवडे तो ऐकत राहिला. मग एकदा म्हणाला, "बाबा, मी आळशी नाहीये. मला झोपच येत नाही. तू एकदा तरी विचारलंस का?"

खरंच विचारलं नव्हतं. आणि लाज वाटायचं कारण म्हणजे, घड्याळं जुळवणं हा माझ्या पोटापाण्याचाच विषय. कुठल्याही कॉम्प्युटरचं घड्याळ बाहेरून वेळ मिळाली नाही की हळूहळू सरकतं. माणसाच्या मेंदूतल्या घड्याळाचंही तेच आहे. त्याची फेरी चोवीस तासांहून किंचित मोठी असते आणि सकाळचा उजेड ते रोज मागून ओढून जागेवर आणतो. किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन मुळातच तास-दोन तास उशिरा स्रवू लागतं. आमच्याकडे डिसेंबरात सकाळचा उजेड शून्य, आणि रात्री डोळ्यांसमोर फोनचा पडदा. पोराचं घड्याळ सरकणारच!

डॉक्टरांच्या सल्ल्याने १०,००० लक्सचा दिवा आणला. सकाळी अर्धा तास तो न्याहारीच्या टेबलावर, आणि भोवती आम्ही चौघंही. रात्री दहाला सगळे फोन स्वयंपाकघरात. माझाही, कारण त्याशिवाय तह होईना. सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त लोळायचं नाही. दुपारच्या उजेडात घराबाहेर पडायचंच. फरक पडायला तीन आठवडे लागले आणि त्यात दोन मोठी भांडणं झाली. पण दिव्याइतकाच उपयोग झाला तो त्याच्या मित्राच्या आजोबांचा. ते दर शनिवारी बर्फाखालची मासेमारी करायला त्याला बरोबर नेऊ लागले. भोक पाडायला हात हवेत म्हटल्यावर हा आपणहून उठायचा.

धाकटीचं स्कीइंग चालू आहे. शेरॉन आणि शर्ली फर्थ या ग्विचिन जुळ्या बहिणी इथेच स्कीइंग शिकून १९७२ ते १९८४ अशी चार ऑलिंपिक खेळल्या, हे ती प्रत्येक पाहुण्याला ऐकवते. उन्हाळ्यात जुन्या आइस हॉकीच्या इमारतीत थाटलेल्या ग्रीनहाउसमध्ये सौ. मेथी-कोथिंबीर लावते, आणि खिडक्यांना ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून आम्ही रात्र तयार करतो.

थोरला येत्या सप्टेंबरात कॉलेजसाठी दक्षिणेत जाईल. तिथे सूर्य रोज उगवतो, पण त्याला उठवायला कोणी नसेल, याची धास्ती मलाच जास्त आहे. दिवा बरोबर ने म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे, धाकटीला लागेल."

कधी यायचं असेल तर जानेवारीच्या सुरुवातीला या. सूर्य परत येतो तेव्हा सगळं गाव शेकोटी पेटवून, आतषबाजी करून त्याचं स्वागत करतं. चहा आमच्याकडे.