वाळूच्या माळावरची चार दशकं

वनस्पती परिसरशास्त्रातला एक अत्यंत गाजलेला प्रयोग खुरपणीवर उभा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या उत्तरेला, सीडर क्रीक नावाचं विद्यापीठाचं संशोधनक्षेत्र आहे. तिथल्या १६८ वाफ्यांत १९९४ साली माळरानी वनस्पती पेरल्या गेल्या. कुठे एकच जात, कुठे दोन, चार, आठ, तर कुठे सोळा. तेव्हापासून दर हंगामात माणसं गुडघ्यांवर बसून न पेरलेलं रोप अन् रोप उपटत आली आहेत. एकाच जातीच्या वाफ्यात हे काम संपत नाही, कारण मोकळी जागा दिसली की वारा कुठलं तरी बी आणून टाकतोच. डेव्हिड टिलमन या संशोधकाची थोरवी मला आधी या चिकाटीत दिसते, समीकरणांत नंतर.

त्यांची सुरुवात मात्र पाण्यातून झाली. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करताना त्यांनी गोड्या पाण्यातल्या दोन सूक्ष्म शैवालांची झुंज लावली. अ‍ॅस्टेरिओनेलाला स्फुरद थोडं असलं तरी भागतं, सायक्लोटेलाला सिलिका थोडी चालते. दोन्ही द्रव्यांचं प्रमाण ठाऊक असेल तर कोण जिंकेल आणि कोणत्या प्रमाणात दोघी एकत्र नांदतील, हे आधीच सांगता येतं, असं त्यांनी १९७७ साली दाखवलं. त्यामागचा नियम साधा आहे. अपुरं द्रव्य जी जात सर्वांत खालच्या पातळीपर्यंत ओढूनही तग धरते, ती उरते. ‘स्पर्धा’ हा शब्द तोवर बहुधा निकाल लागल्यावर वापरला जाई. टिलमन यांनी निकालाआधी कारण मोजायला शिकवलं.

हाच नियम जमिनीवर तपासायला सीडर क्रीकसारखी जागा नव्हती. हिमनद्यांच्या वितळत्या पाण्याने पसरवलेली ही वाळू नत्राला फार दरिद्री. इथल्याच एका तळ्याच्या अभ्यासातून रेमंड लिंडमन यांनी परिसंस्थेतल्या ऊर्जाप्रवाहाचा सिद्धांत मांडला होता. १९४२ साली तो छापून येण्याआधीच ते वारले, वयाची २७ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. अशा भूमीवर टिलमन यांनी १९८२ साली २०७ वाफे आखले आणि वेगवेगळ्या मात्रेत नत्र द्यायला सुरुवात केली. जास्त नत्र मिळालं तिथे गवत माजलं आणि जातींची संख्या घटली.

मग १९८७-८८चा भीषण दुष्काळ आला. तो कुणी आखला नव्हता, पण वाफे मोजलेले होते. जातींनी समृद्ध वाफ्यांचं उत्पादन साधारण निम्म्यावर आलं, मोजक्या जातींच्या वाफ्यांचं त्याहून कितीतरी खाली कोसळलं. जॉन डाउनिंग यांच्यासह १९९४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या या निष्कर्षाने वाद पेटला. रॉबर्ट मे यांनी १९७०च्या दशकात गणिताने दाखवलं होतं की जाती वाढल्या म्हणून व्यवस्था स्थिर होईलच असं नाही. टिलमन यांचं १९९६चं उत्तर मला त्यांच्या साऱ्या कामात सर्वांत सुंदर वाटतं. एकेका जातीची संख्या खरोखरच जास्त हेलकावते, पण एक खचली की दुसरी वाढते, म्हणून सगळ्यांची बेरीज स्थिर राहते. दोघंही बरोबर होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा होता. जाती कमी झाल्या त्या खतामुळे, मग दोष खताचा की जातींच्या उणिवेचा? शिवाय सोळा जाती पेरल्या तर एखादी दणकट जात त्यांत असण्याची शक्यता आपोआपच वाढते, हे मायकेल ह्यूस्टन यांनी १९९७ साली ठासून मांडलं. पहिल्या शंकेला उत्तर द्यायचं तर जातींची संख्याच पेरायला हवी होती, आणि ते १६८ वाफे तोवर उगवले होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रयोगाच्या सातव्या वर्षी सोळा जातींच्या वाफ्यांत एकेरी वाफ्यांच्या २.७ पट जैवभार होता. बहुविध वाफ्यांपैकी अनेकांनी तर सर्वोत्तम एकेरी वाफ्यालाही मागे टाकलं, म्हणजे एकट्या दणकट जातीने हा फरक पडत नव्हता. शेंगवर्गीय वनस्पती हवेतलं नत्र बांधत होत्या, उन्हाळी गवतं ते काटकसरीने वापरत होती. बाजरीत तूर-मटकी पेरणाऱ्या आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. मात्र सीडर क्रीकमध्ये दाणे मोजले नव्हते, वाळवलेला जैवभार मोजला होता. म्हणून या आकड्यावरून पिकाबद्दल घाईने बोलू नये.

त्याच वर्षी टिलमन आणि ह्यूस्टन, शेफील्डचे फिलिप ग्राइम असे एरवी एकमेकांना खोडून काढणारे बारा जण एका लेखाचे सहलेखक झाले. जर्मनीतल्या येना इथे २००२ साली याच धर्तीचा मोठा प्रयोग सुरू झाला. टिलमन पुढे शेती आणि आहाराकडे वळले. २००५ ते २०५० या काळात जगाची पिकांची मागणी १०० ते ११० टक्क्यांनी वाढेल, हा त्यांच्या गटाचा २०११चा अंदाज धोरणांच्या चर्चेत खूप वापरला गेला.

माझं लक्ष मात्र नत्राच्या जुन्या वाफ्यांकडेच जातं. हेक्टरी वर्षाला अवघं १० किलो नत्र दीर्घकाळ देत राहिल्याने जातींची संख्या १७ टक्क्यांनी घटल्याचं ख्रिस क्लार्क आणि टिलमन यांनी २००८ साली नोंदवलं. काही वाफ्यांत खत थांबवल्यावर तेरा वर्षांत ती संख्या सावरली. पण भरघोस खत मिळालेल्या वाफ्यांत ते बंद करून दोन दशकं उलटली तरी गेलेली विविधता परतली नव्हती, असं फॉरेस्ट इस्बेल यांच्यासोबतच्या २०१३च्या लेखात दिसतं. वाहनं, कारखाने आणि शेतीतून उठलेलं नत्र जगातल्या कितीतरी कुरणांवर पावसाबरोबर असंच उतरतं आहे, आणि तिथे खत थांबवणारं कुणी नाही.