घर विकताना

सुरतेच्या कतारगामात हिरे घासणाऱ्या घंट्या मंदावल्या की घर घेणाऱ्याचा हातही आखडतो. 2008 च्या मंदीत हजारो कारागीर बेकार होऊन सौराष्ट्रात परतले, हे विसरता येत नाही. बाजार ग्राहकाचा झाला म्हणजे विक्रेता भिंतींना रंग देऊ लागतो. रंग अवश्य द्यावा, परंतु ओल झाकण्यासाठी नव्हे. ठाऊक असलेला छुपा दोष सांगणे व विक्रीच्या दिवसापर्यंतचे कर भरणे ही 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये विक्रेत्याचीच जबाबदारी आहे. तेव्हा आधी गळती काढावी, घरपट्टीच्या पावत्या व मूळ दस्तऐवज जुळवावेत. 2006 च्या तापीच्या पुराचे पाणी घरात शिरले असल्यास तेही आपणहून सांगावे. अडलेल्याला भाव सोडावा लागेल. सचोटी सोडण्याचे कारण नाही.