वाल, नीरा आणि आरेचे दूध

कमला सोहोनी यांचे नाव निघाले की बोलणे हटकून सर सी. व्ही. रामन यांच्यापाशी जाऊन थांबते. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांनी केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, मग अटी घालून त्यांना घेतले गेले. गोष्ट खरी आहे, सांगायलाही हवी. पण तिच्या ओघात दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीने प्रयोगशाळेत नेमके काय केले, ते मागे पडते. त्यांच्या कामाकडे नीट पाहिले तर एक आग्रह सगळीकडे दिसतो. एखादे द्रव्य पदार्थात आहे एवढ्यावर त्या थांबत नाहीत. ते तिथे काम करते का, हे त्या तपासतात.

केंब्रिजमधल्या त्यांच्या कामाचेच घ्या. त्यांनी वनस्पतींतले ‘सायटोक्रोम सी’ शोधले असे सर्रास छापले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. प्राणी, यीस्ट आणि वनस्पती या तिन्हींत सायटोक्रोम हे श्वसनातले रंगद्रव्य असल्याचे डेव्हिड केलिन यांनी १९२५ सालीच सांगितले होते. रॉबिन हिल यांच्यासह कमलाबाईंनी १९३९ साली ‘नेचर’मध्ये लिहिले ते सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजबद्दल, म्हणजे श्वसनाच्या साखळीत शेवटी ऑक्सिजनशी गाठ घालून देणाऱ्या विकराबद्दल. रंगद्रव्य दिसले म्हणून साखळी चालते असे होत नाही. ती चालवणारे विकर दाखवावे लागते. श्रेय असे नेमके सांगितले तर ते कमी होत नाही, उलट टिकते.

यावर आक्षेप येतो की केंब्रिजहून परतल्यावर बाई डाळी-कडधान्यांत आणि नीरेत अडकल्या, मूलभूत विज्ञान सुटले. हा आक्षेप स्वयंपाकघराला कमी लेखणारा आहेच, शिवाय चुकीचाही. १९५५ साली मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून त्यांनी एका सहकाऱ्यासह पुन्हा ‘नेचर’मध्येच लिहिले. वाल आणि डबल बी यांतून ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिने त्यांनी स्फटिकरूपात वेगळी काढली होती. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिने तोडणारे विकर. तेच अडले तर कडधान्यात प्रथिने भरपूर असूनही ती अंगी लागत नाहीत. शिजवल्यावर हा अडसर बराचसा निघतो. नत्र मोजून प्रथिनांचा आकडा काढणारा तक्ता यातले काहीच सांगत नाही. नीरेचेही तसेच. पहाटे उतरवलेली नीरा ऊन चढले की आंबते, त्यामुळे तिच्यातली जीवनसत्त्वे मोजून काम भागत नाही. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती देऊन प्रकृती सुधारते का, हेही पाहिले गेले, आणि सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

मुंबईत अंधेरीहून मरोळ-मरोशीच्या रस्त्याने पुढे गेले की आरे लागते. १९४९ साली उभ्या राहिलेल्या या दूध वसाहतीच्या व्यवस्थापनाला सोहोनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला देत असत. हे काम किती निसरडे असते ते दुग्धमापीवरून कळते. पाणी घातले की दुधाची घनता उतरते, साय काढली की चढते. दोन्ही बेताने केले की दुग्धमापी निमूटपणे ‘ठीक’ सांगते आणि दूध मात्र निःसत्त्व. म्हणून स्निग्धांश वेगळा मोजावाच लागतो. एका आकड्यावर विसंबायचे नाही, ही शिस्त आरेच्या दुधाला लागते तशीच वालाच्या प्रथिनालाही.

पुढे १९६६ साली स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत त्या रमल्या, १९८२-८३मध्ये अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात लिहिले, घरच्या घरी भेसळ ओळखायच्या साहित्यासाठी खपल्या. इथला आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: घरगुती चाचणी म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, तिने खोटा दिलासा मिळतो. मिळू शकतो. गार केलेल्या दुधात आयोडीनचा थेंब टाकला आणि ते निळे झाले तर पिष्टाची भेसळ पकडली गेली. पण निळे झाले नाही म्हणून दूध शुद्ध ठरत नाही, कारण पाणी किंवा युरिया आयोडीनला दिसतच नाही. मात्र अशा चाचणीने निकाल द्यायचा नसतोच, संशय पक्का करायचा असतो. पुढची वाट १९५४च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यात होती: ठरलेली फी भरून साध्या गिऱ्हाइकालाही आपण विकत घेतलेला नमुना सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येत असे. निळा झालेला थेंब पाहिलेली बाई ती फी भरायला तयार होण्याची शक्यता नुसत्या तक्रारखोर गिऱ्हाइकापेक्षा कितीतरी जास्त.