विश्लेषण : प्रसूतीनंतर दहा मिनिटांत तांबी, पण होकार कधी घ्यायचा?

बाळ जन्मले, वार पडली की पुढच्या दहा मिनिटांत तांबी, म्हणजे कॉपर टी, गर्भाशयात बसवता येते. सिझेरियन असेल तर गर्भाशयाला टाके घालण्यापूर्वीच. ती वेळ हुकली तर ४८ तासांपर्यंत संधी असते. त्यानंतर मात्र सहा आठवडे थांबावे लागते. सरकारी रुग्णालयांत ही सोय मोफत आहे.

इतकी घाई कशासाठी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. पण घरी गेलेली बाळंतीण बाळाच्या लसीसाठी येते, स्वतःसाठी येईलच असे नाही. त्यात ‘अंगावर पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत’ हा समज. तो अर्धाच खरा आहे. पाळी परत येण्याआधीही गर्भ राहू शकतो. तांबीचा दुधावर परिणाम होत नाही. ‘३८० ए’ प्रकारची तांबी दहा वर्षे चालते आणि हवी तेव्हा काढता येते.

ती निसटते का?

निसटू शकते. प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावत असते, त्यामुळे साधारण दहापैकी एकीची तांबी बाहेर पडते. म्हणूनच सहा आठवड्यांनी तपासणी आवश्यक. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल, पाणी जाऊन १८ तास उलटले असतील किंवा रक्तस्राव आटोक्यात नसेल, तर ती लगेच बसवत नाहीत.

मग अडते कुठे?

त्याच सर्वेक्षणात ३७.९ टक्के विवाहित महिलांची नसबंदी झालेली आढळली. तांबी वापरणाऱ्या अवघ्या २.१ टक्के. अविश्वासाचे एक कारण उघड आहे: विचारण्याची वेळ. मार्गदर्शक सूचनांनुसार समुपदेशन गरोदरपणातील तपासण्यांवेळीच व्हायला हवे. कळा ऐन भरात असताना कागदावर घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. तांबी बसवणाऱ्याला आणि सोबत आलेल्या आशा सेविकेला सरकारी योजनेत प्रोत्साहन भत्ता मिळतो, हेही विसरून चालणार नाही. नकळत बसवलेली तांबी पुढे पोटात दुखले की सापडते; मग ती बाई तर दुरावतेच, तिच्या जावा-नणंदाही तांबीचे नाव काढत नाहीत.

घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर तांबीचा प्रकार, बसवल्याची तारीख आणि तपासणीची तारीख लिहिलेली असावी. नसेल, तर रुग्णालयातून निघण्यापूर्वीच ती लिहून मागावी.