फणसाचा ओंडका करवतीवर (लाकडाची गोष्ट : भाग 5)

गेल्या आठवड्यात आपण झाड पाडण्यापाशी थांबलो होतो. फणस 1964च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत येतो. त्यामुळे आधी परवानगी, मग तोड, मग वाहतुकीचा पास आणि ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का, हे सगळं पार पडलंय असं धरू. दिवाळी होऊन गेलीय, पावसानं पाठ फिरवलीय आणि टेम्पो कुडाळजवळच्या एका छोट्या सॉमिलच्या दारात उभा आहे.

मिस्त्री पहिल्यांदा टेप काढतात. ओंडक्याच्या मध्यावर घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. घेर 4 फूट, लांबी 8 फूट, म्हणजे 8 घनफूट. शाळेतलं वर्तुळाचं सूत्र वापरलं तर उत्तर 10च्या वर जातं. पहिल्यांदा हा हिशेब पाहिला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी कोणालातरी गंडवतंय. तसं नाही. एडवर्ड हॉपस या इंग्रजाच्या 1736 सालच्या कोष्टकांच्या पुस्तकातून ही रीत जगभर पसरली. कमी दिसणारे एकवीसेक टक्के साल, बगला आणि भुसा यांच्या नावे आधीच वजा करून टाकलेले असतात.

भुशाचा हिशेब किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. पट्टा करवत एका कापात दोन-तीन मिलिमीटर लाकूड खाते, जुनी गोल करवत पाच-सहा. दहा काप घेतले की गोल करवतीनं जवळपास इंचभर जास्त लाकडाचा भुसा केलेला असतो. एक अख्खी फळी गेली म्हणायची.

ओंडका ट्रॉलीवर चढला की मिस्त्री त्याला लगेच करवतीला लावत नाहीत. पहारीनं थोडा फिरवतात, टोकाकडे बघतात, परत फिरवतात. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला हा वेळकाढूपणा वाटतो. मला मात्र वाटतं, लाकूड चांगलं वाळणार की नाही हे याच दोन मिनिटांत ठरतं. ते टोकावरच्या वलयांकडे आणि गाभ्याच्या मधल्या ठिपक्याकडे बघत असतात.

वाळताना लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आटत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत थोडं, आणि वलयांच्या कडेकडेनं त्याच्या साधारण दुप्पट. सागासारखं शहाणं लाकूडही ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत एका दिशेत अडीच टक्के आटतं, तर दुसरीत पावणेसहा. ओंडका सरळ वरून खाली चिरत गेलं तर कडेच्या फळ्यांच्या रुंदीत ही दुप्पट आटणारी दिशा येते. बारा इंच रुंदीची अशी सागाची फळी वापरण्याजोगी सुकेपर्यंत सुमारे दहा मिलिमीटरनं अरुंद होते. वलयं पृष्ठभागाला उभी येतील अशी कापली, तर चार-पाच मिलिमीटरवर भागतं. शिवाय आडवी कापलेली फळी सालीच्या बाजूनं पन्हळीसारखी खोलगट होते, कारण वलयांचा बाक सरळ व्हायला बघतो. आणि मधला ठिपका ज्या फळीत राहिला ती फळी फुटणारच. त्याच्याभोवती वलयं पूर्ण गोल असतात, त्यांना आटायला मोकळीक कुठून मिळणार? म्हणून मिस्त्री तो ठिपका मधल्या जाड दांड्यात कोंडतात आणि त्याच्या दोन बाजूंच्या फळ्या दारांसाठी वेगळ्या काढतात.

चिरल्या चिरल्या फणस हळदीसारखा पिवळाधमक दिसतो. उजेडानं वर्षा-दोन वर्षांत तांबूस तपकिरी होतो. त्या पिवळ्या रंगावर भाळून मी एकदा चार फळ्या घरी आणल्या आणि अंगणात ओळीनं उन्हात मांडल्या. निघताना मिस्त्री म्हणाले होते, “उन्हात घालू नका, फुटतला.” तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो असताना बाहेर ‘टक्’ असा आवाज झाला. टोकापासून वीतभर चीर. संध्याकाळपर्यंत आणखी दोन. त्यातल्या एका फळीचा पाट झाला, बाकीच्या बंबात गेल्या.

झालं असं, की वरचा थर उन्हानं भराभर आटायला लागला आणि आतला ओलाच राहिला. आतलं लाकूड आटू देईना, तेव्हा वरचं फाटलं. टोकांची तऱ्हा तर आणखी वाईट. लाकडातल्या नळ्या टोकाला उघड्या पडलेल्या असतात आणि पाणी तिथून कितीतरी पटींनी लवकर निघून जातं. म्हणून चिरल्याच्या दिवशीच टोकांना जाड रंग किंवा मेण लावायचं. जुनी माणसं शेणानं लिंपायची. कामाच्या दृष्टीनं तिन्ही एकच.

रचायचं सावलीत, चारी बाजूंनी वारा खेळेल अशा मांडवात. खाली जांभ्याचे चिरे, जमिनीपासून फूट-दीड फूट वर. दोन थरांच्या मध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर एक. वरच्या थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोब्बर डोक्यावर यायला हवी, इकडेतिकडे झाली की फळी तिथेच वाकते आणि मग रंध्यालाही दाद देत नाही. सगळ्यात वर पत्रा, पत्र्यावर चिरे.

किती दिवस? ‘इंचाला एक वर्ष’ असं सरसकट सांगतात. त्यापेक्षा मी तराजूवर विश्वास ठेवतो. फळीच्या टोकापासून हातभर आत एक छोटा तुकडा कापायचा आणि वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर लगेच वजन करायचा. माझा भरला 212 ग्रॅम. मग ओव्हनमध्ये शंभराच्या जरा वर, वजन घटायचं थांबेपर्यंत. उरले 132. गेलेल्या 80ला 132नं भागलं की साधारण 60 टक्के ओलावा. (ओव्हन घरातला असेल तर परवानगी वनखात्यापेक्षा वरच्या दरबारातून घ्यावी लागते.) आटणं सुरू होतं ते ओलावा पंचवीस-तीस टक्क्यांच्या खाली उतरल्यावर. त्याआधी नुसतं पोकळ्यांमधलं पाणी जात असतं, फळी आकारानं तेवढीच राहते. म्हणून पहिल्या महिन्यात ‘काहीच झालं नाही’ असं वाटतं आणि माणूस गाफील राहतो.

पुढचा घोळ हवेचा. मे महिन्यापर्यंत कोकणातली इंची फळी बऱ्यापैकी वाळते, पण पावसाळ्यात तीच फळी हवेतलं पाणी पिऊन पुन्हा अठरा टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. ती तशीच उचलून पुण्यातल्या दाराला लावली, तर तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात ती सहा-सात टक्क्यांकडे ओढली जाणार आणि दिलह्यांच्या कडेनं फटी दिसणार. सुतार शिव्या खातो. आयएस 287 या भारतीय मानकात हवेच्या दमटपणावरून देशाचे चार विभाग पाडलेत आणि लाकडाचा ओलावा किती चालेल हे त्या विभागानुसार दिलंय, ते यासाठीच. कोकणातली फळी पुण्याला न्यायचीच असेल तर ती पावसाळ्याआधी न्यावी, ज्या घरात बसवायची त्याच घरात पट्ट्या घालून महिना-दोन महिने रचून ठेवावी, आणि मगच सुताराला बोलवावं.

एवढा दम ज्यांना धरवत नाही त्यांच्यासाठी भट्टी असते. ती पुढच्या आठवड्यात.