भंगारातून महासंगणक

कार्यालयात नवे संगणक आले की जुने संगणक एखाद्या रिकाम्या खोलीत रचून ठेवले जातात. काही महिने त्यांच्यावर धूळ साचते. मग लिलावाची सूचना निघते आणि भंगारवाला भाव ठरवून ते घेऊन जातो. वास्तविक त्यांतील बहुतेक यंत्रे बिघडलेली नसतात. बटण दाबले तर ती पूर्वीसारखीच सुरू होतात. सायकल किंवा शिलाईयंत्र झिजते आणि म्हणून जुने होते. संगणक मात्र बहुधा झिजण्यापूर्वीच जुना होतो. यंत्र तेच राहते, त्याच्याकडून केली जाणारी अपेक्षा वाढते. नव्या आज्ञावलींना अधिक मेमरी आणि अधिक वेगवान प्रोसेसर लागतो. कधी कधी तर हे एका तारखेने ठरते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी ‘विंडोज 10’ या आज्ञावलीला कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार थांबला आणि ‘विंडोज 11’च्या अटींत न बसणारी असंख्य चालती यंत्रे जुन्यांच्या रांगेत जाऊन बसली.

असा संगणक टाकून देणे म्हणजे काय टाकून देणे, याचा हिशेब संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या एका अभ्यासात मांडला गेला. 2004 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानुसार एक संगणक आणि त्याचा 17 इंची काचेचा मॉनिटर तयार करण्यासाठी किमान 240 किलो जीवाश्म इंधन, 22 किलो रसायने आणि दीड हजार किलो पाणी खर्च होत असे. एवढे सारे खर्चून घडवलेली वस्तू चार-पाच वर्षांत अडगळीत जावी, ही गोष्ट कोणत्याही काटकसरी घराला पटणारी नाही. तरीही जुन्या संगणकाचे करायचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक विलक्षण उत्तर अमेरिकेतील टेनेसी राज्यात, ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत सापडले.

विल्यम हारग्रोव्ह आणि फॉरेस्ट हॉफमन हे तेथील दोन शास्त्रज्ञ. 1996 मध्ये ते अमेरिकेचा एक नकाशा तयार करण्याच्या खटपटीत होते. हवामान, भूरूप आणि माती सारखी असलेले प्रदेश शोधून ते एका गटात दाखवायचे, असा त्यांचा संकल्प होता. त्यासाठी त्यांनी देशाच्या मुख्य भूमीचे एक-एक चौरस किलोमीटरचे 78 लाख चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाबाबत दरमहा पडणाऱ्या सरासरी पावसापासून मातीतील नत्रापर्यंत 25 घटकांचा विचार करायचा होता. एका संगणकाला हे काम झेपणारे नव्हते. त्यांनी 64 नव्या संगणकांचा समूह उभारण्याचा प्रस्ताव पाठवला. खर्च सुमारे 64 हजार डॉलर. प्रस्ताव फेटाळला गेला.

पैसे नाहीत म्हटल्यावर या दोघांनी आपल्याच आवाराकडे नव्या दृष्टीने पाहिले. ओक रिजच्या सरकारी संकुलात जुने संगणक सतत बदलले जात आणि त्यांचा लिलाव होई. असे शेकडो संगणक निकालात निघण्याची वाट पाहत पडले होते. पूर्वी एका अवाढव्य जुन्या संगणकाने व्यापलेली खोली त्यांनी ताब्यात घेतली आणि टाकाऊ यंत्रे गोळा करण्यास आरंभ केला. जमा झालेले प्रत्येक यंत्र उघडायचे, चालणारे भाग वेगळे काढायचे आणि त्यांतून एक धडधाकट संगणक जुळवायचा, असा क्रम सुरू झाला. सरासरी पाच संगणक उघडावे, तेव्हा कामाचा एक उभा राही. प्रत्येकावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सर्व कारभार चालवणारी मूळ आज्ञावली, बसवली जाई. ती विनामूल्य मिळते. प्रत्येक यंत्राला वेगळा कळफलक आणि पडदा देण्याची गरज नाही, हेही लवकरच ध्यानात आले. चाकांच्या गाड्यावर त्यांचा एक संच ठेवला. जे यंत्र आजारी पडेल त्याच्याजवळ तो गाडा न्यायचा. दवाखान्यातील फेरीसारखाच हा प्रकार!

मुळात अनेक साध्या संगणकांकडून एक मोठे काम करून घेण्याची कल्पना त्यांची नव्हती. थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी 1994 मध्ये ‘नासा’च्या गोडार्ड केंद्रात बाजारात मिळणारे 16 संगणक तारांनी जोडून असा समूह तयार केला होता. त्याला त्यांनी इंग्रजीतील एका प्राचीन महाकाव्याच्या नायकाचे, ‘बेओवुल्फ’चे, नाव दिले. अनेक प्रोसेसर एकाच वेळी कामाला लावण्याच्या या पद्धतीला समांतर संगणन म्हणतात. पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेने 1991 मध्ये घडवलेला भारताचा ‘परम 8000’ हा महासंगणकही याच तत्त्वावर उभा होता. ओक रिजच्या मंडळींनी हे तत्त्व भंगाराला लावले, हे त्यांचे वेगळेपण.

महाराष्ट्राच्या खेड्यांत इर्जिक नावाची प्रथा होती. एकाचे शेत नांगरण्यासाठी गावातील अनेक जण आपापले बैल आणि औते घेऊन येत आणि एकट्याला कित्येक दिवस पुरले असते ते काम हातोहात उरकत असे. समांतर संगणन ही संगणकांची इर्जिक होय. नकाशाचे 78 लाख चौकोन वाटून दिले की प्रत्येक संगणक आपल्या वाट्याची आकडेमोड करतो आणि उत्तरे मुख्य संगणकाकडे पाठवतो. मात्र येथे एक अडचण असते. सगळे बैल सारख्या ताकदीचे नसतात. मंद यंत्राला वेगवान यंत्राइतकेच काम दिले, तर बाकीचे त्याची वाट पाहत बसतील. म्हणून जो संगणक आपला वाटा आधी संपवील त्याला पुढचा वाटा मिळावा, अशी व्यवस्था आज्ञावलीतच केली गेली.

1997 च्या प्रारंभी या समूहाने पहिले काम केले. मे 2001 पर्यंत त्यात 133 संगणक झाले होते: ‘486’ प्रोसेसर असलेले 75, पेंटियम जातीचे 53 आणि ‘अल्फा’ ही अधिक वेगवान वर्कस्टेशन्स 5. लिलावाच्या ढिगात थोडे बरे यंत्र आले की सर्वांत मंद यंत्र काढून त्याच्या जागी ते बसवले जाई. विकत घेतलेला महासंगणक दरवर्षी जुना होत जातो. हा मात्र दरवर्षी थोडा तरुण होत होता. पूर्वी कधी नव्हते इतक्या बारकाव्यांचे नकाशे त्यातून तयार झाले. त्याचे नाव ‘स्टोन सूपर कॉम्प्युटर’, म्हणजे दगडाच्या सूपचा संगणक. पाश्चात्त्य लोककथेतील भुकेले सैनिक गावात येऊन रिकाम्या भांड्यात दगड शिजवू लागतात. कुतूहलाने जमलेला एकेक जण गाजर, कोबी, मीठ आणून टाकतो आणि अखेर साऱ्या गावाला पुरेल एवढे सूप तयार होते.

तथापि या यशाला दुसरी बाजू आहे. प्रत्येक काम असे वाटून देता येत नाही. दहा जणी बसल्या तर शंभर भाकऱ्या लवकर होतील, पण एक भाकरी भाजायला लागणारा वेळ तेवढाच राहील. ज्या गणितात प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचे उत्तर लागते, तेथे असा समूह फारसा उपयोगी पडत नाही. शिवाय यंत्र फुकट मिळाले तरी वीज फुकट नसते. एका यंत्राला 60 वॅट लागतात असे धरले, तरी 133 यंत्रांना दिवसाला सुमारे 190 युनिट वीज लागेल. आजचा एखादा साधा नवा संगणकही त्या सर्व समूहाहून अधिक वेगाने आकडेमोड करतो. त्यामुळे तितक्या जुन्या यंत्रांचा महासंगणक आता कोणी बांधू नये, हेच योग्य.

शाळा आणि ग्रंथालये यांच्यासाठी याहून साधा मार्ग आहे. 1999 मध्ये सुरू झालेल्या ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर’ प्रकल्पाने तो दाखवला. खोलीत एक चांगला संगणक ठेवायचा आणि जुनी यंत्रे त्याला तारेने जोडायची. सारी कामे चांगल्या संगणकात होतात. जुने यंत्र केवळ खिडकीचे काम करते. विद्यार्थ्याने दाबलेली कळ ते आत पोहोचवते आणि आतले चित्र पडद्यावर दाखवते. त्याला स्वतःची हार्ड डिस्कही लागत नाही. याखेरीज टंकलेखनाचा सराव, ग्रंथालयाची सूची, कार्यालयातील छपाईची सोय अशा एकेकट्या कामांना दहा वर्षांचा संगणकही पुरतो. मात्र ज्या आज्ञावलीला कंपनीचा आधार उरलेला नाही ती तशीच ठेवून यंत्र इंटरनेटला जोडणे धोक्याचे असते. तेथे लिनक्ससारखी चालू आधार असलेली प्रणाली बसवणे श्रेयस्कर.

यंत्र दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्यातील माहिती पुसणेही आवश्यक असते, आणि येथे पुष्कळांची फसगत होते. फाइल ‘डिलीट’ केल्याने ती लगेच नाहीशी होत नाही. बहुधा फक्त तिचा पत्ता सूचीतून जातो. चकती फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर सर्वत्र नवी माहिती लिहिणारी खास आज्ञावली वापरली, तरच जुना मजकूर खरोखर पुसला जातो.

पाचांतून एक संगणक उभा राहिला की चारांचे सांगाडे उरतात. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, तारांतले तांबे मिळवण्यासाठी त्या उघड्यावर जाळल्या की विषारी धूर निघतो, आणि तो प्रथम शिरतो तो हे काम करणाऱ्या गरीब माणसांच्या फुफ्फुसांत. भारतात ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम 2011 मध्ये घोषित झाले आणि 1 मे 2012 पासून अमलात आले. 1 एप्रिल 2023 पासून नवे नियम लागू आहेत. या नियमांप्रमाणे असे सांगाडे नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जायला हवेत. वजनावर भाव करणारा भंगारवाला दोन पैसे अधिक देतो खरा, परंतु त्याच्या हातगाडीवरून ती काच पुढे कोणत्या गल्लीत फुटणार आहे हे विकणाऱ्याला कळत नाही.