रोसुमच्या बेटावरील वेठकरी

'रोबोट' हा शब्द आता आपल्या घरातील लहान मुलाच्याही तोंडी आहे, आणि तो उच्चारताच डोळ्यांसमोर उभा राहतो तो पत्र्याचा, चौकोनी डोक्याचा, खडखड चालणारा पुतळा. ज्या नाटककाराने हा शब्द जगापुढे आणला त्याच्या मनात मात्र पत्रा नव्हता आणि खडखडाटही नव्हता. चेक लेखक कारेल चापेक याचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली छापून निघाले आणि २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगभूमीवर आले. त्यातील रोबोट मांसासारख्याच एका बनावट द्रव्याचे आहेत. कारखान्याच्या एका दालनात यकृते आणि मेंदू यांचा लगदा हौदांत तयार होतो, तर दुसऱ्या दालनात गिरणीत सूत काढावे तशा शिरा आणि मज्जातंतू काढले जातात. असा घडलेला जीव माणसाशेजारी उभा केला तर खरा कोण आणि बनावट कोण हे सांगता येत नाही. नाटकातील सारी गंमत आणि सारे दुःख या न सांगता येण्यातच आहे.

शब्दाची जन्मकथा चापेकनेच १९३३ साली सांगून ठेवली आहे. नाटकाची कल्पना सुचताच तो आपला चित्रकार भाऊ योसेफ याच्याकडे गेला. योसेफ चित्र काढीत होता आणि कुंचला त्याच्या तोंडात होता. या कृत्रिम कामकऱ्यांना लॅटिन धाटणीचे एक नाव द्यावे असे कारेलच्या मनात होते, पण ते त्याला फार पुस्तकी वाटे. योसेफ कुंचल्याआडूनच पुटपुटला, मग रोबोट म्हण, आणि पुन्हा चित्राकडे वळला. 'रोबोता' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने ठराविक दिवस फुकट राबण्याची सक्ती. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ती १८४८ साली बंद झाली. जुन्या संस्थानी मुलखातील वाचकांना हा अर्थ फोडून सांगण्याचे कारण नाही. निजामाच्या राज्यात, तेलंगणात, हिलाच वेट्टी म्हणत, आणि आपण आजही कोणाला 'वेठीला धरू नकोस' असे सहज म्हणून जातो. मराठीत पुढे 'यंत्रमानव' हा शब्द रूढ झाला. शब्द सुटसुटीत आहे, पण त्यातली वेठ तेवढी गळून पडली.

आता या वेठकऱ्यांचा कर्ता कोण? नाटकात तो रंगमंचावर येतच नाही. म्हातारा रोसुम आणि तरुण रोसुम हे दोघेही पडदा उघडण्यापूर्वीच मरून गेलेले आहेत. ('रोझुम' म्हणजे चेक भाषेत बुद्धी, नाव उगाच ठेवलेले नाही.) म्हाताऱ्याला माणूस घडवून दाखवायचा होता तो ईश्वराची गरज नाही हे सिद्ध करण्यासाठी. तरुण रोसुम इंजिनिअर होता. त्याने हिशेब केला की आनंद मानणे, वाद्य वाजवणे, सहज फिरायला जाणे या गोष्टींचा कामाला काही उपयोग नाही. तेव्हा त्या वगळून माणूस तयार केला तर तो स्वस्त पडेल. एकाला अहंकाराने घेरले होते आणि दुसऱ्याला काटकसरीने. आपण घडवलेल्या जीवाचा सहवास दोघांपैकी कोणालाच नको होता. त्यांच्यामागे कारखाना उरला आणि तो चालवायला डोमिन नावाचा व्यवस्थापक उरला. हा डोमिन काही दुष्ट नाही. माणसाला पोटासाठी राबावे लागू नये असे त्याचे स्वप्न आहे, आणि ते तो इतक्या उमाळ्याने सांगतो की क्षणभर प्रेक्षकालाही पटते.

मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीशी हे ताडून पाहावे. ती १८१८ साली निनावी प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिका वीस वर्षांची होती. तेथे कर्ता जिवंत आहे, परंतु घडवलेल्या जीवाने डोळे उघडताच तो भयाने खोलीतून पळून जातो आणि त्याचे नावही ठेवीत नाही. लोक आजही बापाचेच नाव त्या अनाथाला चिकटवतात. तो बिचारा एका झोपडीच्या फटीतून एका कुटुंबाचे बोलणे ऐकून भाषा शिकतो, पुस्तके वाचतो, आणि अखेर कर्त्याला गाठून आपल्याला एक सोबतीण घडवून दे एवढेच मागतो. ती अर्धी घडलेली असतानाच कर्ता तिचे तुकडे करतो. पुढच्या हत्या भयंकर आहेतच. पण घर मोडले ते आधी, जीव टाकून पळण्याच्या त्या रात्री.

आपल्याकडे कथासरित्सागरात राज्यधर नावाचा एक सुतार आहे. तो एका ओसाड नगरात लाकडाची माणसे घडवून त्यांच्यात राजासारखा राहतो. ती चालतात, सेवा करतात, फक्त बोलत नाहीत. त्यावरूनच ती निर्जीव आहेत हे पाहुण्या नरवाहनदत्ताच्या ध्यानात येते. सोमदेवाने खूण मोठी नेमकी पकडली होती. आज खिशातली यंत्रेसुद्धा अस्खलित बोलू लागली आहेत, तेव्हा ही खूण आपल्या उपयोगाची राहिली नाही.

चापेकची खूण वेगळी आहे. रोबोटांना मधूनच एक झटका येतो: हातातले काम टाकून ते उभे राहतात आणि दात खातात. व्यवस्थापकांच्या लेखी हा यंत्रातला बिघाड; अशा रोबोटाला मोडीत काढतात. बाहेरून आलेली हेलेना मात्र म्हणते की हा बिघाड नसून आत्मा असेल. तिला कोणी हसत नाही आणि कोणी ऐकतही नाही. त्याच प्रवेशात डॉ. गाल सांगतो की रोबोटांना वेदना द्यायचे आता ठरले आहे. कारण? वेदना नसल्यामुळे ते आपले हात यंत्रात मोडून घेतात आणि नुकसान होते. वेदना द्यायची ती मालाची नासाडी टळावी म्हणून! साऱ्या नाटकात याहून बोचरी जागा मला आढळली नाही. ती विनोदाच्या ओघात येते, त्यामुळे प्रेक्षक हसून जातो.

पुढे बंड होते, माणसे मारली जातात आणि आल्क्विस्ट हा बांधकाम पाहणारा वृद्ध तेवढा जिवंत राहतो. तो स्वतःच्या हातांनी काम करतो म्हणून रोबोट त्याला आपल्यातला मानतात. बहुतेकांच्या लक्षात राहतो तो हा बंडाचा भागच. मला वाटते, तो नाटकातला सर्वांत सोपा भाग आहे. खरा धागा सुरीचा आहे. पहिल्याच प्रवेशात, सुल्ला ही मुलगी रोबोट आहे यावर हेलेनाचा विश्वास बसेना, तेव्हा डोमिन सहज म्हणतो, हिला नेऊन चिरून दाखवा. पुरावा द्यायचा, एवढेच. शेवटच्या अंकात रोबोट स्वतःच आल्क्विस्टकडे येतात. निर्मितीचे सूत्र हेलेनाने जाळून टाकलेले, त्यांची आयुष्ये संपत आलेली, नवे रोबोट होत नाहीत. आम्हाला चिरा पण गुपित शोधून काढा, असा त्यांचा आग्रह. तो एकाला चिरायला घेतो आणि हात थरथरून सुरी टाकतो. मग प्रिमुस आणि दुसरी हेलेना, दोघेही रोबोट, त्याच्यासमोर येतात. एकाला आत नेतो म्हणताच दुसरे पुढे होते आणि मला न्या म्हणते. आल्क्विस्ट त्यांना जाऊ देतो. घडवण्याची विद्या त्याला कधीच येत नव्हती, पण कर्त्याचे काम नाटकात प्रथम होते ते याच्या हातून.

आयझॅक अॅसिमॉव्हने १९४२ साली यंत्रमानवांसाठी तीन नियम घातले, त्यांचे कौतुक खूप होते. नियम चतुर आहेत यात शंका नाही. मात्र तिन्ही नियम चाकराने पाळायचे आहेत. मालकाने काय पाळावे याचे कलम त्यात नाही. अॅसिमॉव्हलाही हे जाणवले असावे. १९७६ च्या त्याच्या एका दीर्घकथेतला यंत्रमानव माणूस म्हणून मान्यता मिळावी यासाठी शेवटी मरण पत्करतो.

एखाद्या हौशी मंडळाने चापेकचे हे नाटक हाती घेतलेच तर एक विनंती आहे. नटांच्या डोक्यावर पत्र्याचे डबे चढवू नयेत. लेखकाच्या सूचनेप्रमाणे पहिल्या प्रवेशातील रोबोट माणसांसारखेच कपडे घालतात. पुढे त्यांच्या अंगात कमरेला पट्टा बांधलेला साधा सदरा आणि छातीवर पितळी क्रमांक असतो. नजर स्थिर आणि चेहरा कोरा ठेवला की पुरे. लोखंडी रोबोटांची टूम निघाली तेव्हा चापेकने १९३५ साली वृत्तपत्रात लिहून तिचा निषेध केला होता.

चापेक २५ डिसेंबर १९३८ रोजी न्यूमोनियाने वारला. पुढच्या मार्चमध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले, आणि गेस्टापोचे लोक तो गेल्याचे ठाऊक नसल्याने त्याला पकडायला घरी आले. योसेफला त्यांनी त्याच वर्षी पकडले. एका छळछावणीतून दुसरीत अशी पाच वर्षांहून अधिक काळ त्याची रवानगी होत राहिली, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये बेर्गेन-बेल्झेन येथे त्याचा अंत झाला.